'फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका' या फिरत्या संदेशाला उत्तर

संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. 'संस्थाचालकांनो, फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका' अशी त्याची सुरुवात आहे. मला तो चार गटांवरून आला. दोन विश्वस्तांनी तर 'यावर तुमचं काय म्हणणं?' असं विचारून पाठवला. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: ओपन सोर्स (ज्याचा कोड, म्हणजे आतली आज्ञावली, कुणालाही पाहता येते असं सॉफ्टवेअर) म्हणजे फुकट, आणि फुकटच्या मालाला दर्जा नसतो. त्याचा कोड जगाला दिसतो, म्हणून लाभार्थ्यांची माहिती धोक्यात येते. त्यात मराठी नीट चालत नाही. अडलं तर फोन करायला कुणी नसतं. जर्मनीतल्या म्युनिक शहराने हा प्रयोग केला आणि हात पोळून घेतले. आणि शेवटी, मोठ्या कंपन्या संस्थांना लायसन्स मोफत देतातच, मग ही उठाठेव कशाला?

लहान संस्थांच्या कार्यालयांत जाऊन त्यांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर (संदेशातलं ओपन सोर्स ते हेच) आणून देणं, हेच काम मी गेली बारा वर्षं करतो आहे. संदेशातल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या मी खाली मान्य केल्या आहेत. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो वाचून चांगल्या संस्था मागे फिरताना दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला मुद्दा 'फुकट'चा. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ अडकले आहेत. मराठीत फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, आपल्याला हा घोळ घालायचं कारणच नाही. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून आग्रह मुक्ततेचा आहे: हवं तसं वापरा, आत काय चाललंय ते पाहा, गरजेप्रमाणे बदला, दुसऱ्याला द्या. त्यासाठी पैसे घ्यायला कुणाची मनाई नाही. दर्जाचं म्हणाल तर हा संदेश ज्या अँड्रॉइड फोनवर वाचला जातोय, त्याच्या तळाशी लिनक्स ही मुक्त प्रणालीच आहे.

संस्थांच्या जगातलंच उदाहरण हवं असेल तर छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी आहे. तिथे 'जन स्वास्थ्य सहयोग' ही डॉक्टरांनी उभी केलेली संस्था ग्रामीण रुग्णालय चालवते. या रुग्णालयाच्या गरजेतून, थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या साथीने, 'बहम्नी' ही रुग्णालय-प्रणाली आकाराला आली. ती ओपनएमआरएस या रुग्णनोंदींच्या मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रणालीवर उभी आहे. केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांचा साठा आणि बिलं हे सगळं ती एकत्र सांभाळते. पुढे ती नेपाळ आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांतही गेली. गनियारीच्या डॉक्टरांना त्यासाठी कुणाला परवानगी द्यावी लागली नाही आणि नेपाळच्या डॉक्टरांना कुणाकडे मागावी लागली नाही.

खर्च मात्र होतो. मी कुठल्याही संस्थेला 'पैसे लागणार नाहीत' असं सांगत नाही. जुनी माहिती नव्या प्रणालीत आणायला वेळ जातो, माणसं शिकवावी लागतात, पहिले तीन महिने कामाचा वेग मंदावतो. पण तुलना कशाशी करायची? तालुक्याच्या गावात संगणक जुळवून घेतला की दुकानदार म्हणतो, 'सगळं टाकून देतो.' त्या 'सगळं'मध्ये विंडोज आणि ऑफिसच्या विनापरवाना प्रती असतात आणि संस्थेच्या सचिवांना बहुधा त्याची कल्पनाही नसते. स्वत्वाधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम 63ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायात नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकतं, पण गुन्हा पुसला जात नाही. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना तर परदेशी देणगी कायद्याच्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीपासून त्या देणगीतला प्रशासकीय खर्च 50 ऐवजी 20 टक्क्यांत बसवावा लागतो. तिथे दरवर्षीचं लायसन्सचं बिल जाणवतं.

त्यातच, 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. आपल्या संस्थांकडचे बरेचसे संगणक कंपन्यांनी वापरून दान दिलेले, त्यांवर ते अधिकृतपणे चढतच नाही. असे संगणक मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती घालून वापरात आणले आहेत. चार जीबी रॅमचं यंत्र पत्रव्यवहार, तक्ते आणि ईमेल व्यवस्थित सांभाळतं.

'कोड दिसतो म्हणजे माहिती दिसते' हा समज दोन वाक्यांत संपतो. कोड हा कार्यक्रमाचा असतो, त्यात भरलेल्या नोंदी तुमच्या सर्व्हरवर किंवा संगणकावर असतात. ओपन सोर्समध्ये सुरक्षेची भोकं सापडतात हे खरंच आहे: 2014 मध्ये हार्टब्लीड, 2021 मध्ये लॉगफोरजे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, कोड खुला होता म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला, आणि तो कोड जगभर पसरायच्या आत पकडला गेला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने झोपवले ते मात्र विंडोजचे संगणक होते. त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच आली होती, पण अनेकांनी ती बसवलीच नव्हती. विनापरवाना प्रतींवर अपडेट बंदच ठेवतात, हे सांगायला नको.

मी पाहिलेली गळती अजून साधी असते. एका संस्थेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांची नावानिशी यादी एक्सेलमध्ये, पेन ड्राइव्हवर होती. त्याच पेन ड्राइव्हवर कार्यालयाच्या गणपतीचे फोटो होते, आणि ते प्रिंट करायला ती यादीही गावातल्या स्टुडिओत जाऊन आली होती. तिथे आधी फाइलला पासवर्ड लावायचा असतो, मग कपाटाला कुलूप. सॉफ्टवेअर कुणाचं हा प्रश्न त्यानंतरचा.

आता मराठी. या मुद्द्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण संदेशातलं हे वाक्य वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. मराठीचं जे नुकसान संस्थांनी सोसलं आहे ते बंदिस्त फॉन्ट-पद्धतींमुळे. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणारी पद्धत) येण्याआधी प्रत्येक पॅकेजचं अक्षर-कोष्टक वेगळं होतं. पडद्यावर 'क' दिसायचा, पण फाइलमध्ये एखादं इंग्रजी अक्षर साठवलेलं असायचं. फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी.

बचत गटांचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी गेलो तेव्हा हिशोबाच्या ताईंनी 2007 सालचा एक ठराव उघडून दाखवला. सगळी खिचडी. संगणक बदलताना जुनं पॅकेज आलं नव्हतं, आणि साधारण चारशे फाइली तशाच पडून होत्या. आम्ही त्या युनिकोडमध्ये आणल्या. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण आंधळेपणाने चालत नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये त्याचा 'र्' आधी. म्हणजे प्रत्येक 'किती' आणि प्रत्येक 'कर्ज' उलटवावं लागतं. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांतला अर्धा र तर हमखास फुटतो. तीन दिवस ताई मोठ्याने वाचत होत्या आणि मी दुरुस्त करत होतो. शेवटी लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचाच्या शोधखिडकीत एका सभासद बाईंचं नाव टाकलं आणि सोळा वर्षांतल्या त्यांच्या सगळ्या कर्जांचे ठराव एकामागून एक समोर आले. ताई काही वेळ बोलल्याच नाहीत.

आज लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक आहे, उच्चारानुसार टंकायची सोय आहे, लोहित, नोटो, मुक्तासारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेत. पाड्यावर सर्वेक्षण करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी कोबोटूलबॉक्स आहे. त्याचा फॉर्म साध्या तक्त्यात बनतो, प्रश्नांसाठी भाषेगणिक एक स्तंभ: एक मराठीचा, एक गोंडीचा, एक देणगीदारासाठी इंग्रजीचा. फोनला रेंज नसली तरी फॉर्म भरून ठेवता येतो आणि रस्त्यावर आल्यावर पाठवता येतो.

मराठीबाबत एक तक्रार खरी आहे. सरकारी कार्यालयांतून वर्डची फाइल मंगल फॉन्टमध्ये येते. मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो लिनक्सवर नसतो. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो, ओळींची लांबी बदलते आणि जिल्हा परिषदेच्या प्रस्तावाचा तक्ता दुसऱ्या पानावर सरकतो. माणूस वैतागतो, आणि बरोबर वैतागतो. नुसतं वाचायचं-पाठवायचं असेल तिथे पीडीएफ वापरावी. ज्यांचं रोजचं काम अशाच फाइली भरण्याचं आहे त्यांचा संगणक बदलूच नये.

'फोन कुणाला करायचा?' ही दुसरी खरी तक्रार. तालुक्याला लिनक्स जाणणारा मेकॅनिक सहसा सापडत नाही. म्हणून माझा नियम आहे: कार्यालयातली एक तरी व्यक्ती शिकायला मनापासून तयार नसेल तर मी काम हाती घेत नाही. टॅलीला हात लावत नाही. हिशोबनिसांचं, लेखापरीक्षकांचं सगळं त्यावर बसलेलं असतं, आणि डिजिटल सहीच्या टोकनचीही लिनक्सवर कटकट होते. एक परवानाधारक विंडोज संगणक त्यासाठी राहू द्यावा. पण पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरला फोन करायला कुणी असतंच, हे मला मान्य नाही. एका संस्थेने देणगीदारांच्या नोंदींसाठी एका लहान पुरवठादाराकडून प्रणाली बनवून घेतली होती. त्याने धंदा बंद केला. अकरा वर्षांच्या नोंदी अशा फाइलमध्ये राहिल्या की ती दुसरं कुणी उघडू शकेना, आणि शेवटी पावतीपुस्तकांवरून पुन्हा टंकाव्या लागल्या. सिव्हीसीआरएमसारखी मुक्तस्रोत प्रणाली असती तर तो गेला तरी दुसरा माणूस लावता आला असता.

म्युनिकबद्दल संदेशात अर्धीच गोष्ट आहे. 2003 मध्ये निर्णय झाला आणि 2013 पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आले. ते चाललेही. 2017 मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. बाहेरच्यांशी फाइलींची देवाणघेवाण अडत होती आणि महापौर उघडपणे या प्रकल्पावर नाराज होते. पण त्याच युरोपात फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीसदलाने 2005 मध्ये ओपनऑफिस (लिब्रेऑफिसचा पूर्वज) आणि पुढे उबुंटू (लिनक्सचीच एक आवृत्ती) स्वीकारलं. 2024 मध्ये जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने तीस हजार संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. आपल्या जवळ, केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं उबुंटूवर आधारलेल्या स्वतःच्या प्रणालीवर, मल्याळममध्ये, शिकवत आहेत.

राहिला मोफत लायसन्सचा मुद्दा. मायक्रोसॉफ्ट पात्र संस्थांना ऑफिसच्या 'बिझनेस प्रीमियम' या वर्गणीची दहा लायसन्स मोफत देत असे. 1 जुलै 2025 पासून, ज्या संस्थेचं नूतनीकरण येईल तिची ही भेट बंद होत गेली. ब्राउझरमधून चालणारी बिझनेस बेसिक लायसन्स मोफत राहिली, संगणकावर बसणाऱ्यांसाठी सवलतीत का होईना पैसे आले. कंपनीला तो अधिकार आहेच. पण ज्या संस्थांनी अंदाजपत्रकात त्या ओळीसमोर शून्य लिहिलं होतं, त्यांना वर्षाच्या मध्येच तरतूद शोधावी लागली. लिब्रेऑफिसची जी प्रत आज तुमच्याकडे आहे तिचा परवाना कुणी परत घेऊ शकत नाही.

तुमची संस्था काहीच बदलणार नसली तरी या आठवड्यात एक करून पाहा. सध्याच्या प्रणालीतून दहा देणगीदारांच्या नोंदी बाहेर काढा आणि त्या दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी नावांसकट उघडून बघा. जमलं नाही तर पुरवठादाराला लेखी विचारा की करार संपल्यावर नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळतील. त्याचं उत्तर पुढच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत वाचून इतिवृत्तात नोंदवा.