निविदेआधीचे महिने

शहरातला एखादा रस्ता सहा महिन्यांत होईल असे सांगून दोन वर्षे खोदलेला राहिला, की लोकांचा राग आधी कंत्राटदारावर निघतो, मग अभियंत्यांवर, आणि शेवटी चर्चा टक्केवारीवर येऊन थांबते. हा राग बिनबुडाचा आहे असे मी म्हणणार नाही. भ्रष्टाचार आहे, निकृष्ट कामे आहेत आणि दोन्हींना शिक्षा व्हायला हवी. परंतु शहर प्रशासनाची बांधकामे जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की रखडलेल्या कामांपैकी बरीचशी कामे पहिली कुदळ पडण्याआधीच रखडलेली असतात. काम सुरू करण्याची घाई हेच काम लांबण्याचे सर्वांत मोठे कारण असते, आणि या घाईबद्दल आजवर कोणाला कारणे दाखवा नोटीस मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

घाई कुठून येते हे समजायला अवघड नाही. आर्थिक वर्षात निधी खर्ची पडला नाही तर तो परत जातो, वरच्या सरकारच्या अनुदानाला स्वतःची मुदत असते, आणि लोकप्रतिनिधींना कार्यकाळ संपण्याआधी काहीतरी उभे राहिलेले दाखवायचे असते. अशा वेळी मातीपरीक्षण, सर्वेक्षण, जमिनीखालच्या वाहिन्यांचा शोध आणि तपशीलवार आराखडा यांत गेलेले महिने कोणाच्याच हिशेबात काम म्हणून धरले जात नाहीत. मग अर्धवट आराखड्यावर अंदाजपत्रक तयार होते, त्यावर निविदा निघते आणि बैठकीत कोणीतरी म्हणतो, "बाकीचे साइटवर बघू." शहराच्या तिजोरीला यापेक्षा महाग पडलेले वाक्य मी ऐकलेले नाही.

जुन्या रस्त्याखाली जलवाहिनी, मलवाहिनी, पावसाळी गटार, विजेच्या केबल, गॅसची नळी आणि दूरसंचाराच्या तारा अशी दाटी असते. त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या यंत्रणांनी टाकलेल्या असतात आणि प्रत्येक यंत्रणेचा नकाशा वेगळा असतो. एका रुंदीकरणाच्या कामाआधी घेतलेले चाचणी खड्डे मला चांगले आठवतात. नकाशानुसार पदपथाच्या कडेपासून दोन मीटरवर मोठ्या व्यासाची जलवाहिनी असायला हवी होती. मजुरांनी यंत्र न लावता हातानेच खोदले, आणि कमरेइतक्या खोलीवर त्या जागी निघाली विजेची केबल, तिच्यावर ना विटांचा थर ना इशाऱ्याची पट्टी. जलवाहिनी दुसऱ्या खड्ड्यात सापडली, नेमकी नियोजित गटाराच्या वाटेत आणि गटाराच्या तळाच्याच पातळीवर. तिची खरी जागा तिथल्या जुन्या व्हॉल्व्हमनला ठाऊक होती, कारण पूर्वी ती फुटल्यावर वळवून टाकताना तो हजर होता. नकाशा दुरुस्त करणे हे त्याचे काम नव्हते, आणि ज्यांचे होते त्यांनी त्याला कधी विचारले नव्हते. त्या खड्ड्यांचा खर्च अंदाजपत्रकात शोधूनही सापडला नसता इतका किरकोळ होता. हाच शोध काम चालू असताना पोकलेनच्या बकेटने लावला असता, तर पाणी तोडणे, दुरुस्ती, गटाराची नवी आखणी, नव्याने मंजुरी आणि तोवर उभ्या राहिलेल्या यंत्रांचे भाडे, एवढे सगळे एकापाठोपाठ आले असते.

हे एकट्या माझ्या अनुभवाचे बोल नाहीत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने तिथल्या संघीय महामार्ग प्रशासनासाठी ७१ प्रकल्पांचा अभ्यास केला, तेव्हा भूमिगत वाहिन्यांच्या शास्त्रशुद्ध शोधावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी ४.६२ डॉलर वाचल्याचे आढळले. तिथल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने २००२ मध्ये या माहितीची प्रतवारीही ठरवून दिली. निव्वळ जुन्या नोंदींवरून काढलेली रेघ सर्वांत खालच्या प्रतीची, जमिनीवर दिसणारी झाकणे आणि व्हॉल्व्ह मोजून जुळवलेली त्याहून वरची, उपकरणांनी शोधलेली आणखी वरची, आणि प्रत्यक्ष उघडी करून मोजलेली वाहिनी सर्वांत वरच्या प्रतीची. निविदेच्या नकाशात प्रत्येक वाहिनीपुढे तिची प्रत लिहावी एवढे जरी बंधनकारक केले, तरी आपल्याला काय माहीत आहे आणि आपण काय गृहीत धरले आहे हे सही करणाऱ्या अधिकाऱ्याला लख्ख दिसेल.

स्कॉटलंडमधील एडिनबरा शहराची ट्राम हे या घाईचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण आहे. आराखडा पूर्ण करायचा, रस्त्याखालच्या वाहिन्या हलवून घ्यायच्या आणि मगच रूळ टाकण्याचे मुख्य कंत्राट द्यायचे, असे मूळ धोरण होते, आणि ते अगदी योग्य होते. प्रत्यक्षात आराखडाही मागे पडला आणि वाहिन्यांचे कामही. तरीही मे २००८ मध्ये मुख्य करारावर सह्या झाल्या. त्यानंतर कंत्राटदार आणि नगर परिषदेची कंपनी यांच्यात बदलांच्या किमतीवरून वाद सुरू झाले, कामे थांबली, आणि २०११ मध्ये सुरू व्हायची ट्राम ३१ मे २०१४ रोजी धावली. ५४.५ कोटी पौंडांच्या तरतुदीऐवजी ७७ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला आणि मार्गही ठरल्यापेक्षा आखूड झाला. चौकशीचा अहवाल येण्यास २०२३ उजाडले. धोरण चुकीचे असते तर समजून घेता आले असते. इथे धोरण बरोबर होते आणि ते पाळायला लागणारे काही महिने कोणाला परवडले नाहीत, म्हणून हे उदाहरण मला जास्त बोचते.

अंदाजपत्रके इतकी चुकतात कशी, याचे उत्तरही बरेचसे इथेच आहे. डॅनिश संशोधक बेंट फ्लीव्बेर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वाहतुकीच्या २५८ प्रकल्पांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दहापैकी जवळजवळ नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला; सरासरी वाढ २८ टक्के होती, आणि रेल्वेच्या कामांत तर ४५ टक्के. चुका निव्वळ अजाणतेपणी झाल्या असत्या, तर त्या दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या असत्या. एकाच बाजूला पडणारी चूक म्हणजे मंजुरी मिळावी म्हणून आकडा लहान ठेवला गेला असावा असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे, आणि मला तो पटतो. मात्र शहर पातळीवर मला यात लबाडीपेक्षा भित्रेपणा अधिक दिसतो. खरा आकडा लिहिला तर काम नामंजूर होईल, या भीतीने अभियंता आकस्मिक खर्चाची तरतूद कापतो आणि तपासणीचा खर्च तर आधी कापतो.

अशा अर्धवट माहितीचा खरा फायदा कोणाला होतो हे पाहायचे असेल तर निविदेतील बाबनिहाय दर वाचावेत. समजा, परिमाणपत्रकात, म्हणजे कोणते काम किती लागेल याच्या यादीत, मुरमाची खोदाई ५००० घनमीटर आणि कठीण खडकाची २०० घनमीटर धरली आहे. अनुभवी कंत्राटदार परिसरातली जुनी कामे पाहून ओळखतो की खडक प्रत्यक्षात १५०० घनमीटर लागणार. तो मुरमाचा दर बाजारभावाखाली आणि खडकाचा दर तिप्पट भरतो. २०० घनमीटरवर तिप्पट दराने एकूण रकमेत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे त्याची निविदा सर्वांत कमी ठरते. खोदाई सुरू झाल्यावर खडकाचे परिमाण साडेसातपट होते, दर तोच राहतो, आणि सर्वांत स्वस्त निविदा सर्वांत महाग पडते. यात कंत्राटदाराने कायदा मोडलेला नसतो. त्याने आपल्यापेक्षा आपल्या जमिनीचा अभ्यास जास्त केलेला असतो, इतकेच. परिमाण ठरावीक टक्क्यांपलीकडे गेले तर दर नव्याने ठरवण्याची अट करारात घालता येते आणि ती घालावीच. पण जमिनीखाली काय आहे ते पाहायला चार विंधनछिद्रे आधी घेतली असती तर त्या अटीवरून लवादापर्यंत जाण्याची वेळ आली नसती.

काम सुरू झाल्यावर मनात आलेले बदल हा घाईचाच दुसरा अवतार आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहराने नवा विमानतळ बांधताना संपूर्ण विमानतळासाठी एकच स्वयंचलित सामान वाहतूक यंत्रणा बसवण्याचे कंत्राट १९९२ मध्ये दिले, तेव्हा इमारतींचे बांधकाम चालू होते, आणि ही यंत्रणा आधीच ठरलेल्या जागेत कोंबावी लागली. पत्रकारांना बोलावून घेतलेल्या चाचणीत बॅगा फाटल्या, विमानतळ १६ महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला, आणि ती यंत्रणा अखेर २००५ मध्ये पूर्णपणे बंद करण्यात आली.

उशिराचा सगळा दोष कंत्राटदारावर टाकण्याची सवय मला म्हणूनच पटत नाही. एखादे चेंबर दीड मीटर सरकवायचे आहे, अशी विचारणा करणारे पत्र साइटवरून जाते. ते उपअभियंत्याकडून कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून सल्लागाराकडे, परत लेखा विभागाकडे फिरते, आणि सही करायला कोणी तयार नसतो, कारण निर्णय घेतल्याबद्दल लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो, न घेतल्याबद्दल निघत नाही. तिकडे कंत्राटदार रोज साइटच्या वहीत बसून असलेली यंत्रे आणि माणसे लिहून ठेवतो. वर्षभराने त्याचा दावा येतो तेव्हा सगळे त्याला लुटारू म्हणतात, पण त्याच्याकडे तारीखवार कागद असतो आणि आपल्याकडे फक्त फिरलेली फाइल. साइटवरच्या अभियंत्याला ठरावीक मर्यादेपर्यंत बदल मंजूर करण्याचा अधिकार द्यावा आणि त्यापुढच्या विचारणांना किती दिवसांत उत्तर मिळेल हे करारातच लिहावे. अधिकार दिले तर गैरवापर होईल, हा आक्षेप मी ऐकून आहे. गैरवापराची किंमत मोजता येते; न घेतलेल्या निर्णयांची किंमत आपण आजवर मोजलेलीच नाही.

सुरुवातीच्या घाईमुळे वाया गेलेला वेळ शेवटी देखरेख कमी करून वसूल केला जातो, आणि तोही झाकल्या जाणाऱ्या कामांत. वाहिनी टाकून झाल्यावर चर बुजवताना माती २०-२५ सेंटिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर दाबायचा असतो. वर डांबर पडले की आत किती थर होते ते कोणाला दिसत नाही. दिसतो तो पुढच्या पावसाळ्यात चराच्या रेषेत खचलेला रस्ता. माती दाबून जास्तीत जास्त किती घट्ट होऊ शकते हे ठरवण्याची प्रॉक्टर चाचणी जगभर वापरली जाते आणि बहुतेक करारांत त्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांची अट असते. ही चाचणी राल्फ प्रॉक्टर या लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा खात्यातल्या अभियंत्याने १९३३ मध्ये मांडली, हे मी मुद्दाम सांगतो, कारण शहराच्या खात्यात फक्त फाइली होतात असा आपला समज आहे. काँक्रीटचेही तसेच. त्याच्या नमुना ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी नापास होते तोवर त्यावर पुढचे काम चढलेले असते. म्हणून मिक्सर आल्यावर मुकादम पाइप हातात घेऊन काँक्रीट कमजोर करणारे वाढीव पाणी सोडतो त्याच क्षणी तिथे नाही म्हणणारा माणूस उभा असावा लागतो. कामाचा अखेरचा महिना उरला असताना आणि उद्घाटनाची तारीख छापून झालेली असताना असे नाही म्हणणे किती अवघड असते, हे ज्याने म्हटले आहे त्यालाच कळते.

बोस्टनच्या भुयारी मार्गात जुलै २००६ मध्ये छताचे काँक्रीटचे फलक एका मोटारीवर कोसळून एका स्त्रीचा मृत्यू झाला. फलक पेलणारे खिळे छतात ज्या इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनाने बसवले होते, ते सततच्या भाराखाली हळूहळू सैल होणाऱ्या प्रकारचे होते, असे तपासात निघाले. खिळे पुढे सरकत असल्याचे बांधकामाच्या काळातच दिसले होते. अब्जावधी डॉलरच्या कामात ही बाब किरकोळ वाटली असेल, पण झाकल्या जाणाऱ्या कामात किरकोळ काय हे ठरवण्याचा अधिकार वेळापत्रक सांभाळणाऱ्याकडे असू नये. गुणवत्ता तपासणारा अभियंता त्याच्या हाताखाली नसावा, एवढी साधी व्यवस्था तरी प्रत्येक शहराला करता येते.

माझे म्हणणे असे आहे की तपासणी आणि आराखडा यांना स्वतःचे लेखाशीर्ष, स्वतःचे कंत्राट आणि स्वतःची मुदत असावी, आणि ते काम पूर्ण झाल्याचे मुख्य अभियंत्याने स्वतःच्या सहीने लिहून दिल्याखेरीज बांधकामाची निविदा निघू नये. मुदत कोणाच्या भाषणातून ठरू नये. चर बुजवण्याआधी प्रत्येक वाहिनीची जागा आणि खोली मोजून ती शहराच्या एकत्रित नकाशावर चढवावी, आणि तसे झाल्याशिवाय शेवटचे देयक आणि सुरक्षा ठेव सोडू नये. असे नकाशे वेळेत तयार होऊच शकत नाहीत हे मला अनेकांनी सांगितले आहे. ठेव अडकल्यावर ते आठवड्याभरात टेबलावर आलेले मी पाहिले आहेत.