अण्णांचं नाव कुठल्या अक्षरात आहे?

आज साडेतीन तास एका सरकारी कार्यालयात बसून आले. डोकं अजून ठणकतंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. कंटाळा येईल त्यांनी सरळ पुढे सरकावं.

काम एवढंसं. अण्णांच्या नावे २००६ साली निघालेल्या एका आदेशाची नक्कल हवी होती. अण्णा गेल्या श्रावणात गेले, तेव्हापासून त्यांच्या कागदांमागे मीच फिरतेय. मूळ फाईल वाळवीनं खाल्ली. ठीक आहे, वाळवीला कोण काय बोलणार! पण "सॉफ्ट कॉपी आहे ताई, काळजी नको" म्हणत भाऊसाहेबांनी फाईल उघडली, आणि गप्पच झाले. मग मॉनिटर माझ्याकडे वळवला. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, मध्येच डॉलर. पाटीवर पोरानं गिरगटावं तसं. त्यात कुठेतरी माझे वडील.

"तो फॉन्ट कंपनीचा होता. कंत्राट संपलं, ती मशीनं भंगारात गेली."

मग मी काय करायचं? तर प्रतिज्ञापत्र. म्हणजे सरकारनं काय आदेश काढला होता हे शपथेवर सरकारला मी सांगायचं!

अण्णांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो, तेव्हा आमच्या गुरुजींनी नामावळीचं बाड काढलं. मूळ गाव विचारलं, आडनाव विचारलं, चार पानं उलटली आणि पणजोबांची नोंद वाचून दाखवली. शके १८४२. मोडीत. शाई तपकिरी झालेली, कोपरा उंदरानं कुरतडलेला, पण नाव वाचता येत होतं. शंभर वर्षांपूर्वीचा पणजोबा सापडतो आणि २००६ मधला बाप सापडत नाही, हे मला आज काही केल्या पचत नाहीये.

मोडी आज किती जणांना येते? पण शिकता येते. ती कुणाच्या मालकीची नाही, तिचं लायसन संपत नाही. आणि आपण सरकारी मराठी कुणाच्या स्वाधीन केली? त्या काळी प्रत्येक कंपनीनं आपला 'क' वेगळ्याच इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला. कुठला कुठे, ते तिचं तिला ठाऊक. युनिकोड म्हणजे दर अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक. देवनागरी त्यात १९९१ पासून आहे. म्हणजे २००६ पर्यंत पंधरा वर्षं होऊन गेली होती! तरी आपले आदेश, दाखले, ठराव खासगी कुलपात टाइप होत राहिले.

(जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात, माहितीये. कॉमेंटमध्ये लिंका टाकू नका. आधी कोणता फॉन्ट होता ते तरी कळायला हवं, आणि कळलं तरी रफार एकीकडे, वेलांटी दुसरीकडे. त्यावर सही कोण करणार?)

आणि हे फक्त फॉन्टचं रडगाणं नाही. सरकार पैसे देऊन प्रणाली बनवून घेतं, ठेकेदार तिचा कोड, म्हणजे ती ज्या आज्ञांवर चालते त्या, स्वतःकडे ठेवतो, पाच वर्षांनी कंत्राट संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून. जिल्हा परिषदेची शाळा बांधून दिली आणि किल्ली ठेकेदाराच्या खिशात, असं चाललं असतं का? आमच्या नाशिकरोडला सरकारी छापखान्यात नोटा छापल्या जातात. नोट छापायला तुम्हाला तुमचाच कारखाना लागतो, मग माझ्या बापाचा आदेश कुणाच्याही घरी ठेवायला दिलेला चालतो?

बरं, यांना कळत नाही असंही नाही. ई-प्रशासनात खुली मानकं, म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली, वापरायची हे केंद्राचं धोरण २०१० चं. ओपन सोर्सला, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता येतो अशा सॉफ्टवेअरला, प्राधान्य द्या, आणि ते घेणार नसाल तर कारण द्या, हे २०१५ चं. पुण्यात मुख्यालय असलेल्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेनं 'बॉस' नावाचं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ओपन सोर्स प्रणाली, काढून कैक वर्षं झाली. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं केव्हापासून लिनक्सवर शिकतायत. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आपले तीस हजार सरकारी संगणक लिब्रेऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरवर नेतंय, का, तर आपला कारभार बाहेरच्या कंपनीच्या मर्जीवर नको म्हणून. आपण कागदावर धोरण काढतो आणि ते धोरणही बहुतेक जुन्याच फॉन्टमध्ये.

हो, जर्मनीतल्याच म्युनिक शहरानं लिनक्स घेतलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. माहितीये. ओपन सोर्स म्हणजे फुकट नव्हे, माणसं शिकवावी लागतात, दुरुस्तीला पैसे लागतात, हेही कबूल. आणि सर्व्हर डाऊन व्हायचा तो होणारच. पण उद्या ठेकेदार पळाला तर दुसऱ्या कुणाला तरी तो कोड उघडून बघता येईल की नाही? मला एवढंच हवंय. आता सिंहस्थासाठी नवी ॲपं येतील, नव्या प्रणाली येतील. कोड कुणाकडे राहणार, एवढं तरी कुणी विचारा रे.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण पुढचं सांगायचं राहिलंच.

पाच वाजून गेले होते. मी पिशवी उचलली, तर भाऊसाहेब म्हणाले, "बसा दोन मिनिटं." चष्मा कपाळावर सारून ते स्क्रीनला नाक लावून बसले. त्यांनी त्याच फॉन्टमध्ये अकरा वर्षं टायपिंग केलंय. "हे दोन कंस आणि मध्ये हे, म्हणजे 'श्री'. दर आदेशात असायचं ना." मग बोट सरकत गेलं. एकेक अक्षर. ओठ हलत होते, शाळेत पहिलीतली पोरं वाचतात तसे. अण्णांचं नाव आलं. मग आजोबांचं. मग गट नंबर.

मला बोलवेना. नामावळी वाचताना गुरुजींचं बोट असंच सरकत होतं.

त्यांनी अर्धं पान कागदावर उतरवून दिलं, पेननं. "उरलेलं सोमवारी. पण मार्चच्या आत सगळं करून घ्या ताई, नंतर मी नाही."

मार्चअखेर ते रिटायर होतायत.