उन्हाळ्यात कुत्र्याचं टक्कल? थोडं थांबा
‘उन्हाळा आला की कुत्र्याचे केस मुळापासून भादरा, त्याला गार वाटेल’ हा सल्ला सध्या फिरतोय. हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. यांच्या अंगावर केसांचे 2 थर असतात: वर राठ, लांब केस आणि खाली मऊ लोकर. वरचा थर ऊन अडवतो. तो काढला की कातडी भाजू शकते, शिवाय केस परत येतात ते कधीकधी ठिगळं लावल्यासारखे. खरं काम आतली सुटलेली लोकर विंचरून काढण्याचं; मग हवा खेळते. (घरभर केस उडतात, ते सोसायचं!) पूडलचं वेगळं. त्याचे केस वाढतच राहतात, म्हणून नियमित कापावेच लागतात. जटा झाल्या असतील किंवा पशुवैद्यांनी सांगितलं असेल, तर मात्र कोणत्याही कुत्र्याला मशीन लावायला हरकत नाही.