डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी स्टिरॉइडचा हट्ट धरायला लावणारा तो मेसेज

आत्याचा काल रात्री फोन आला, रडतच होती. आतेभाऊ आयसीयूत आहे, डोक्याला जबर मार लागलाय, आणि तिला कुणीतरी तो सगळीकडे फिरणारा मेसेज पाठवला. त्यात लिहिलंय की सीआरपी आणि आयएल-६ (शरीरात दाह असला की वाढणारी प्रथिनं) वाढलं म्हणजे मेंदू आतून सडतोय, लगेच स्टिरॉइड द्यायला लावा, डॉक्टर मुद्दाम देत नाहीत, पाठीतलं पाणी काढून तपासायला सांगा. ते वाचून ती राऊंडला आलेल्या डॉक्टरांशी भांडली. असल्या वेळी असलं काही पुढे ढकलणाऱ्यांचा संताप येतो मला.

आधी स्टिरॉइड, कारण यात जीव जाऊ शकतो. सूज आहे तर सूज उतरवणारं औषध द्या, ऐकायला पटतं, आणि कित्येक वर्षं डॉक्टरही द्यायचेच. मग डोक्याला मार लागलेल्यांवर या औषधाची क्रॅश नावाची चाचणी झाली, २०,००० पेशंट घ्यायचं ठरलं होतं पण १०,००८ वरच २००४ मध्ये थांबवावी लागली, कारण मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के लोक दोन आठवड्यांत गेले आणि प्लासिबोवाल्यांतले, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं दिलेल्यांतले, १७.९ टक्के. शंभरामागे तीन माणसं जास्त, औषध दिल्यामुळे! सहा महिन्यांनीही तेच, २५.७ आणि २२.३. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय हे. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या गाइडलाइनमध्येही गंभीर मार असेल तर हे स्टिरॉइड हाय डोसमध्ये देऊ नका असं स्पष्ट आहे. डॉक्टर देत नाहीत ते यासाठी.

ब्रेन ट्यूमरभोवतीची सूज स्टिरॉइडने उतरते, हे मान्य. पण ती सूज वेगळी, माराची वेगळी, मारात पेशी स्वतःच फुगतात, रक्तस्राव असतो तो निराळाच.

आता सीआरपी. ते लिव्हरमध्ये बनतं. बरगडी मोडली, ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया झाला, कशानेही वाढतं, त्यामुळे एवढा मोठा अपघात झालेल्या माणसाचं पहिल्या काही दिवसांत वाढलेलं असणारच. त्यावरून मेंदू सडतोय म्हणणं म्हणजे शुद्ध खोटं, आणि आयसीयूबाहेर बसलेल्या आईला ते सांगणं क्रूर आहे.

आयएल-६ बद्दल थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. गंभीर मारानंतर मेंदूभोवतीच्या पाण्यात आयएल-६, आयएल-८ वाढतात, बऱ्याचदा रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि काही अभ्यासांत जास्त पातळी असलेल्यांची तब्येत सरासरीने वाईट राहिलेली दिसली. पण ती गटाची सरासरी, एका पेशंटचं भवितव्य नाही. शिवाय दाह कमी करणारं आयएल-१० सुद्धा त्याच वेळी वाढतं, म्हणजे वाढलेला प्रत्येक आकडा वाईटच असं नाही. पेशंट कुठे चाललाय हे डॉक्टर शुद्धीचा स्कोर, डोळ्यांच्या बाहुल्या, सीटी स्कॅन आणि कवटीतलं प्रेशर यावरून बघतात.

डोक्याच्या मारासाठीच्या एका रक्ताच्या टेस्टला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली आहे, पण ती जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या मेंदूतल्या दोन प्रथिनांची, सौम्य मारात सीटी लागेल का हे ठरवायला. दाहाशी तिचा संबंध नाही.

आणि पाठीतलं पाणी. कवटीत प्रेशर वाढलेलं असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून ब्रेनस्टेम (श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग) दाबला जाऊ शकतो आणि श्वास बंद पडू शकतो. संशोधनासाठी जे पाणी तपासतात ते बहुतेकदा प्रेशर मोजायला आणि उतरवायला मेंदूत आधीच घातलेल्या नळीतून घेतात, कुणाच्या पाठीत त्यासाठी सुई घालत नाहीत.