स्वयंभू गंधार
नादावरच्या एका लेखात ४३२ हर्ट्झला विश्वाची कंपनसंख्या म्हटलंय, ते पटलं नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद तर माणसानं ठरवलेला, त्या आकड्यात पावित्र्य कुठून येणार?

नादानं मन आत वळतं हे मात्र खरं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकारता नाद, नीट लागली, तारेखालचा दोरा जागेवर बसला की खर्जातून, म्हणजे खालच्या सा च्या तारेतून, गंधार (ग) ऐकू येतो. गंधाराची वेगळी तार नसतानाही! मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा तो उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारा स्वर. आपले गवई त्याला स्वयंभू म्हणतात, किती नेमका शब्द! भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्येच तंबोरा-वीणेच्या घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) निबंध लिहिला होता: एरवीच्या नियमानं जे उपस्वर उमटू नयेत, तेही या वाद्यांत उमटतात. पहाटे तो गंधार कानी येईपर्यंत मी गळ्यातून सा काढत नाही.