आधी शाळेचं यंत्र, मग घरचं

मुलांनी शिकण्यासाठी स्वतःचा मोबाईल किंवा टॅब शाळेत आणावा का, यावर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला की ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मला साक्षीला ओढलं जातं. बंदी हवी म्हणणारे विचारतात, "तुमच्याकडे मोबाईल बंद केलाय ना?" परवानगी हवी म्हणणारे म्हणतात, "तिकडे तर प्रत्येक मुलाकडे लॅपटॉप असतो." दोन्ही खरं आहे. इथल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ऑक्टोबर २०२३पासून मोबाईल वापरायला मनाई आहे. त्याच व्यवस्थेत शिकणारी माझी मुलगी रोज दप्तरात घरचा लॅपटॉप घेऊन जाते, कारण शाळेनेच तो आणायला सांगितलाय.

पण हा लॅपटॉप पालकांच्या गळ्यात कसा आला, हे ग्रुपवर कुणी विचारत नाही. २००८मध्ये तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांच्या सरकारने नववी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक संगणक देण्याची योजना सुरू केली. न्यू साउथ वेल्समध्ये नववीच्या मुलांना सरकारी खर्चाने छोटे लॅपटॉप मिळाले. २०१३च्या सुमारास केंद्राचा निधी आटला आणि शाळा पालकांकडे वळल्या: यंत्र आता तुम्हीच आणा. म्हणजे ज्याला मायदेशी 'परदेशी पद्धत' म्हणतात, ती तिजोरी रिकामी झाल्यावर काढलेली वाट आहे. तिचं अनुकरण करायचं असेल, तर मधली पाच वर्षं वगळून कसं चालेल?

आणि ही वाट इथेही सुकर नाही. शाळा यंत्रासाठी किमान अटी कळवते: बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे, कीबोर्ड हवा, शाळेच्या वायफायला जोडता आलं पाहिजे. तरी वर्गात पाच तऱ्हेची यंत्रं येतात. कुणाचं अपडेट अडकतं, कुणाचा चार्जर घरी राहतो, आणि शिक्षिकेच्या तासातला वेळ त्यातच जातो. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शाळेकडे उसने द्यायचे लॅपटॉप असतात. पण तेरा वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांसमोर ते मागायला लावणं किती जड जातं, हे मोठ्यांनी समजून घ्यायला हवं. हे सगळं जिथे तंत्रज्ञ, वायफाय आणि नको त्या संकेतस्थळांना अडवणारे फिल्टर आहेत तिथलं.

आता आपल्याकडचं बघा. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 'असर'च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ३६ टक्के मुलग्यांकडे आणि फक्त २७ टक्के मुलींकडे. मला सगळ्यात जास्त बोचतो तो हा आकडा. 'स्वतःचं यंत्र आणा' असं फर्मान निघालं, तर घरातला एकुलता फोन शाळेत कोण नेणार, हे मुलीला आधीच ठाऊक असेल. आणि तो फोन वडिलांच्या कामाचा असेल, तर भाऊ-बहीण दोघंही रिकाम्या हाताने जातील.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. माझी मुलगी विज्ञानाच्या प्रयोगाचे आलेख स्वतः काढते, निबंध तीनदा खोडून पुन्हा लिहिते, आणि मला त्याचा आनंद आहे. पण यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या २०२३-२४च्या आकडेवारीनुसार देशातल्या ५७ टक्के शाळांमध्येच संगणक होते आणि ५४ टक्के शाळांमध्ये इंटरनेट. अशा वेळी घरच्या मोबाईलवर भिस्त ठेवणं म्हणजे शाळेची जबाबदारी पालकांच्या खिशावर ढकलणं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड शिक्षकांनी शाळेच्या यंत्रावर, सगळ्या वर्गासमोर उघडावा. शाळेच्या कपाटात एका वर्गापुरते टॅब असावेत, तासापुरते हातात यावेत आणि पुन्हा कपाटात जावेत. दुरुस्तीचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला असावा, नाहीतर दोन वर्षांत ते कपाट कुलूपबंद होतं.

२०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळेत मोबाईलवर सरसकट बंदी नको, वापरावर नियंत्रण ठेवा, असं सांगितलं. फोन जवळ बाळगण्यापुरतं ते मला पटतं. वर्गात शिकायला लागणारं यंत्र मात्र शाळेनेच पुरवावं, आणि पुढच्या पालकसभेत आपापल्या शाळेला पहिला प्रश्न हाच विचारा, असं मी ग्रुपवरच्या दोन्ही बाजूंना लिहिलंय.