निविदेवर आक्षेप घ्यायचाय? घाई करू नका

भाऊ, डांबरी रस्त्याच्या निविदेत तुमचा तांत्रिक लिफाफा, म्हणजे पात्रतेच्या कागदांचा, बाद झाला ना? मग शांत राहा. दराचा लिफाफा उघडेपर्यंत आक्षेप लेखी द्यायचा नसतो, पानठेल्यावर तोंडी द्यायचा. कार्यारंभ आदेश निघाला, गिट्टी पडली, की अर्ज करा. तेव्हा साहेब फार आपुलकीनं सांगतात, की आता त्यांच्या हातात काही नाही.

'हॉट मिक्स प्लांट (गिट्टी-डांबर तापवून मिसळणारा) अमुक किलोमीटरच्या आत हवा' ही अट कुणाच्या प्लांटपासून मोजलीय, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक असतं. निविदापूर्व बैठकीत लेखी विचारलं तर एकतर अट बदलणारं शुद्धिपत्रक काढावं लागेल, नाहीतर उत्तर कागदावर द्यावं लागेल. साहेबांना एवढा त्रास कशाला? त्या दिवशी सोयऱ्याच्या लग्नाला जा.

अर्जात पुरावा तर मुळीच घालू नका. निविदा भरणाऱ्या तिन्ही ठेकेदारांच्या शपथपत्रांचे ५०० रुपयांचे मुद्रांक लागोपाठ क्रमांकाचे आहेत, तिघांतही शुद्धलेखनाची एकच चूक आहे, असं नेमकं लिहिलं तर बाबूला टिपणी लिहावी लागते. 'मोठा भ्रष्टाचार झाला असून सखोल चौकशी व्हावी' एवढंच लिहा. दप्तरी दाखल, म्हणजे फाइल बंद, करायला सोपं जातं. अर्जाची पोचही मागू नका, बाप्पा, संबंध बिघडतात.

माहिती अधिकार वापरणारच असाल, तर कोण का पात्र-अपात्र ठरलं ते सांगणारा तांत्रिक तपासणीचा तक्ता मागू नका. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर हवा. तुम्ही दहा वर्षांच्या साऱ्या निविदा मागा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि ३० दिवस थांबा. तोवर रस्त्यावर सीलकोट, म्हणजे डांबराचा शेवटचा थर, पडलेला असेल.

आणि तुम्ही स्वतःच ग्रामपंचायत सदस्य असाल तर? पंचायतीच्या कामात सदस्याचा आडूनही हिस्सा निघाला, तर १९५८च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार पद जातं. निकाल जिल्हाधिकारी देतात. म्हणून पांदण (शेताकडे जाणाऱ्या) रस्त्याच्या कामाला फर्म साळ्याच्या नावे, ट्रॅक्टर बायकोच्या नावे ठेवा. फर्मच्या बँक खात्याचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, ही काही जाहीर करायची गोष्ट नव्हे.

कर्नाटकात १९९९च्या आणि राजस्थानात २०१२च्या कायद्यात निविदेच्या निर्णयावर अपिलाची सोय आहे. आपल्या महाराष्ट्राचा कारभार शासन निर्णयांवर चालतो. त्यामुळे शेवटी उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ गाठा, पण काम निम्म्यावर आल्यावरच. वकील आधी लेखी आक्षेपाचा आवक क्रमांक मागतील. तो नसला तरी फी तेवढीच पडते.